मोरोक्कोच्या सुलतानाचा ग्रंथसंग्रह

आफ्रिका खंडाच्या वायव्य कोपऱ्यांत, अटलांटिक महासागर व भूमध्यसमुद्र या दोहोंस लागून मोरोक्को हा देश आहे. अरबी भाषेंत त्यास ‘अल्-मग्रिब’ म्हणजे पश्चिमेकडील देश असें म्हणतात. ‘मोरोक्को’ हें युरोपांत रूढ झालेलें नांव मराकेश या जुन्या राजधानीवरून पडलें. आठव्या शतकाच्या अखेरीस इद्रीस यानें तेथें राज्य स्थापिलें. त्यानंतर मुराबित, मुवह्हिद, मरीनी व सादी हीं घराणीं क्रमानें उदयास आलीं, आणि सतराव्या शतकांत अलवी घराणें गादीवर आलें. तेंच अद्याप राज्य करीत आहे. १९१२ सालीं फ्रान्स व स्पेन यांचें संरक्षक राज्य देशावर लादलें गेलें व १९५६ सालीं तें संपलें. सांप्रतची राजधानी रबात ही होय.

राजवंशांची ही माहिती कोठेंही मिळेल. प्रस्तुत लेखांत सादी घराण्याच्या ग्रंथसंग्रहाची हकीकत द्यावयाची आहे. कारण जुनीं पुस्तकें जतन करणारांस तींतून घेण्यासारखें पुष्कळ आहे.

४ ऑगस्ट १५७८ रोजीं अल्-कस्र अल्-कबीरच्या लढाईंत पोर्तुगालचा राजा सेबास्तियन मारला गेला व अहमद अल्-मन्सूर हा मोरोक्कोचा सुलतान झाला. तो विद्येचा व ग्रंथांचा मोठा भोक्ता. तथापि यानेंच १५९१ सालीं सहारा ओलांडून फौज धाडली व टिंबक्टू घेतलें. पुढें दोन वर्षांनीं तेथील पंडित अहमद बाबा यास कैद करून मराकेशला नेण्यांत आलें. आपल्या आप्तांत आपलाच संग्रह सर्वांत लहान, तरी त्यांतून सोळाशें ग्रंथ लुटले गेले, अशी तक्रार त्यानें सुलतानापाशीं केल्याचें नमूद आहे.

काळाचा न्याय असा कीं, पुरतीं वीस वर्षें लोटलीं नाहींत तोंच लुटणाराच्या घरावर तोच प्रसंग आला. १६०३ सालीं मन्सूर वारला व त्याच्या मुलांत यादवी माजली. १६१२ सालीं अबू महल्ली या बंडखोरानें मराकेश काबीज केलें. मन्सूरचा पुत्र झैदान यानें साफी बंदर गांठून आपला ग्रंथसंग्रह एका फ्रेंच जहाजावर चढविला. जहाज अगादीरला पोहोंचलें, परंतु भाडें मिळेना, म्हणून कप्तानानें माल न उतरवितां नांगर उचलला. वाटेंत स्पॅनिश आरमारानें तें जहाज पकडलें. त्यावर सुमारें चार हजार हस्तलिखितें होतीं. राजा तिसरा फिलिप यानें तीं एस्कोरियाल येथील राजमठांत ठेवविलीं. झैदाननें द्रव्य देऊं केलें. स्पेननें बंदिवान सोडण्याची अट घातली. सौदा जुळला नाहीं. १६७१ सालीं मठास आग लागून त्यांतील निम्म्याहून अधिक ग्रंथ जळाले. उरलेल्यांची यादी कासिरी यानें १७६० व १७७० सालीं दोन भागांत छापली. मूळ ग्रंथ आजही तेथेंच आहेत. त्यांच्या सूक्ष्मचित्रांची प्रत स्पेनच्या राजानें २०१३ सालीं मोरोक्कोस दिली.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. एस्कोरियालमधील अनेक पोथ्यांवर मन्सूर व झैदान यांच्या हातच्या नोंदी आहेत, म्हणूनच त्या कोणाच्या हें आज निश्चयानें सांगतां येतें. दप्तर लावतांना मुखपृष्ठावरील शेरा, शिक्का किंवा मालकाचें नांव निरुपयोगी समजून जो टाकून देतो, तो त्या पोथीचा इतिहासच पुसून टाकतो. दुसरें असें कीं, एकाच ठिकाणीं असलेला संग्रह, मग तो सुलतानाच्या वाड्यांत असो वा राजाच्या मठांत, थकलेल्या भाड्यानें जातो किंवा एका ठिणगीनें जातो. जे ग्रंथ जळाले त्यांपैकीं ज्यांची दुसरी प्रत कोठेंच नव्हती, ते आतां कोणत्याही राजाच्या देणगीनें परत येणार नाहींत. पोथी मिळतांच तिची नक्कल व यादी करून ती दुसऱ्या गांवीं ठेवणें, हें संग्राहकाचें पहिलें कर्तव्य होय.