पाण्याचा हिस्सा



आपल्या तेलगावच्या चौकात चार वाटा मिळतात. एक बीडकडे, एक परळीकडे, एक माजलगावला आणि एक धारूरच्या घाटाला. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास येथे तासभर उभे राहावे, म्हणजे सारी गर्दी एकाच उद्देशाने निघालेली दिसते. डोंगरपट्ट्यातील माणसे मुकादमाची उचल घेऊन, भांडीकुंडी, पोरेबाळे, एखादी शेळी ट्रकमध्ये घालून ऊस तोडायला बाहेर पडतात. आणि ज्या तेलगावातून ती बाहेर पडतात, तेथेही साखर कारखाना आहेच! खाली माजलगावच्या धरणाचे पाणी व त्या पाण्यावरचा ऊस. वर धारूर-वडवणीचा मुरमाड डोंगर. एवढ्या थोड्या अंतरात पाण्याची अशी दोन जगे का व्हावीत, आणि मजुरांच्या चळवळीने या प्रश्नाला आजवर कसा हात घातला किंवा घातला नाही, हे आज सांगावयाचे योजले आहे.

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. सातवीत शाळा सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील जुनी मागणीपत्रके वाचून झाले. तेव्हा या इतिहासाला मागणीपत्रकाचा वास येईल. तो आपण सोसावा.

आमचा जन्म १९७२चा. त्या साली आणि पुढच्या उन्हाळ्यात आमची आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती व आम्ही बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत होतो, असे ती सांगे. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, यावर ती दोन वर्षे गेली. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. एवढा मजूर एका वेळी, एका मालकाच्या म्हणजे सरकारच्या हाताखाली, पूर्वी कधी जमला नव्हता. लाल बावट्याचे कार्यकर्ते खडीकेंद्रांवर गेले. हजेरी, मोजमाप आणि मजुरी यांसाठी मोर्चे निघाले. दुष्काळात धर्म मागायचा नसून काम हक्काने मागायचे, हे मजुराला तेथे कळले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आखलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप आले, २६ जानेवारी १९७९पासून तो अंमलात आला, आणि २००५ साली साऱ्या देशासाठी तशाच धर्तीचा कायदा झाला.

ही मजुरांची कमाई लहान नव्हे. पण तिच्यात एक उणीव राहून गेली. काम मिळाले, ते कोणते, हे विचारायचे राहिले. खडी फुटत राहिली, तिचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले आणि डोंगर होता तसाच कोरडा राहिला.

हा प्रश्न विचारला तो सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याने. तो कोणी विचारला, ते पाहण्यासारखे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. संप लांबला, चाळीत खायला उरले नाही, तेव्हा माणसे गावाकडे परतली. खानापुरात परतलेल्यांना तेथे दुष्काळ भेटला. पोटासाठी ती रोजगार हमीच्या कामावर गेली, तो हातात हातोडा आणि पुढे खडी! संपात हरलेली माणसे म्हणून लोक त्यांच्याकडे पाहत. पण सभा कशी भरवावी, अर्ज कसा लिहावा, साहेबासमोर बसून हिशेब कसा मागावा, हे गिरणीने त्यांना शिकवले होते. त्यांतून डॉ. भारत पाटणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली मुक्ती संघर्ष ही चळवळ वाढली. तिची मागणी साधी होती: दुष्काळात जगवण्याची कामे नकोत, दुष्काळ हटवण्याची द्या.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी आमच्या युनियनांना कधी सुचली नाही. विज्ञान चळवळीतील मंडळी आणि कॉलेजचे विद्यार्थी यांना बरोबर घेऊन गावोगाव पाहणी केली. पाऊस किती, विहिरींना पाणी किती, पिके कोणती होती व कोणती झाली. येरळा ही कृष्णेची उपनदी. तिच्या पात्रातील वाळू ठेकेदार शहरांतल्या बांधकामांसाठी उपसत होते. वाळू पाणी धरून ठेवते. वाळू गेली की काठच्या विहिरी आटतात. बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी ठेकेदारांचा उपसा अडवला आणि म्हटले, थोडी वाळू आम्हीच विकतो व त्या पैशातून आमचे धरण आम्हीच बांधतो. अभियंते के. आर. दाते यांची त्यांना मदत झाली. १९८६च्या सुमारास काम निघाले. सरकारी परवानगीसाठी झगडावे लागले. बाहेरगावच्या तरुणांनी येऊन श्रमदान केले, आणि १९९०च्या सुमारास बळीराजा स्मृती धरण उभे राहिले.

धरण लहानच. पण त्याची वाटणी मोठी. पाणी जमिनीला न देता घराला द्यायचे. ज्याला जमीन नाही त्याच्या घरालाही द्यायचे. ऊस लावायचा नाही. असाच विचार पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत आधी रुजवला होता: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर भिजेल एवढे पाणी, भूमिहीनाचाही हक्क, आणि उसाला मनाई. पुढे १९९३पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, पाटणकर एका व्यासपीठावर आले व दुष्काळी तालुक्यांनी कृष्णेच्या पाण्यात समान वाटा मागितला.

आता लाजेची गोष्ट सांगतो. आमची बीडची माणसे पिढ्यान् पिढ्या त्याच सांगली-कोल्हापूरकडे कोयता घेऊन जात आहेत. तिकडून त्यांनी गुळाच्या ढेपा आणल्या, पाठीचे दुखणे आणले; येरळेची ही हकीकत मात्र कोणी आणली नाही. आम्हीही नाही. आम्ही दर वाढवून मागत होतो. ते योग्यच होते. २०२४च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तो भांडल्यावाचून वाढला नाही. पण २०१९ साली सरकारी समितीने या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा झाला तर मजुरी बुडते आणि वर दंड बसतो, म्हणून दुखणे मुळासकट काढून टाकायचे! डोंगरात पाणी असते, तर यांतल्या किती जणी फडावर गेल्या असत्या? आमच्या मागणीपत्रकात पाणी हा शब्द नव्हता.

आणि आता पाऊसही पूर्वीचा राहिलेला नाही. २०१६च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०२५च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात पुराने उभी पिके व शेतांची माती नेली. तापमान वाढते तसे हे दोन्ही टोकांचे वाढणार, असे शास्त्रज्ञ सांगतात. टोक कोणतेही असो, आधी सापडतो तो डोंगरावरचा मुरूम आणि त्यावरचा माणूस.

गेल्या वैशाखात वरच्या एका वस्तीवर बैठक होती. आम्ही मागणीपत्रक वाचून दाखवले: दर, विमा, मुलांची वसतिगृहे, अशा दहा मागण्या. एक म्हातारी मागून म्हणाली, “बाबा, ह्यात तळ्याचं काय? बहात्तरला त्ये तळं म्या खांदलंय. आता त्यात गाळच गाळ. त्यो कोन काढायचा?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. एका पोराकडून पेन्सिल मागून घेतली आणि कागदाच्या पाठीवर अकरावी मागणी लिहिली: गाळाचे काम रोजगार हमीतून निघावे, व साठेल त्या पाण्यात वस्तीवरील प्रत्येक घराचा, भूमिहीनांच्याही, सारखा हिस्सा असावा. म्हातारीने ती दोनदा वाचून घेतली. मग विचारले, मोजणीला कधी येता? सोमवारी, असे सांगितले. सोमवारी आम्ही ऊन वर येता येता पोचलो, तो पंधरा-वीस बाया दोर आणि काठ्या घेऊन केव्हाच्या तळ्याच्या बांधावर उभ्या होत्या.