विमानप्रवासातील विशेष दर्जा, क्रेडिट कार्डद्वारा (बेळगाव–निपाणी भाग)

विमान कंपनीच्या नित्य प्रवाशास मिळणारा सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम इत्यादी नावांचा दर्जा प्रत्यक्ष उड्डाणांनी न मिळवता, त्या कंपनीशी करार केलेल्या बँकेचे क्रेडिट कार्ड बाळगून अथवा त्या कार्डावर विहित रकमेचा खर्च करून मिळवण्याची पद्धती. या दर्जामुळे नोंदणीची स्वतंत्र खिडकी, जादा सामान, विमानात अग्रक्रमाने प्रवेश आणि विमानतळावरील लाउंजचा उपयोग अशा सवलती प्राप्त होतात. प्रस्तुत नोंदीत बेळगाव शहर, निपाणी व लगतचा मुलूख एवढ्यापुरताच विचार केला असून, बेळगावचे मराठीतील रूढ नाव कायम ठेवले आहे.

पूर्वपीठिका : अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी नित्य प्रवाशांची योजना सुरू केली व १९८७ मध्ये सिटीबँकेच्या कार्डाशी तिची सांगड घातली, तथापि कार्डावरील खर्चाने मोफत तिकीट मिळावे, मानाचा दर्जा मात्र उड्डाणांनीच मिळावा, हा शिरस्ता पुढे दीर्घकाळ बहुतांशी टिकून राहिला. १ मार्च २०२२ पासून त्याच कंपनीने तो मोडला आणि कार्डाच्या खर्चातून जमणारे मूळ माइल्स दर्जाच्या हिशेबात सरसकट धरले. भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये आपले क्रेडिट कार्ड आणले, परंतु विमान कंपन्यांशी जोडलेली कार्डे खासगी विमानसेवा स्थिरावल्यानंतरची होत.

सांबरा विमानतळ : बेळगावच्या पूर्वेस सुमारे १० किमी.वरील सांबरा येथील धावपट्टी १९४२ मध्ये, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर युद्ध पेटले असता, ब्रिटिश हवाई दलाने बांधली. स्वातंत्र्योत्तर काळात तेथे भारतीय हवाई दलाचे एअरमेन ट्रेनिंग स्कूल नांदत आले, आणि नागरी उड्डाणे या लष्करी शेजारातच तुटक तुटक चालू राहिली. धावपट्टी वाढवून २,३०० मी. करण्यात आली व १४ सप्टेंबर २०१७ रोजी नव्या टर्मिनल इमारतीचे उद्‌घाटन झाले. परंतु प्रादेशिक विमानसेवेसाठीच्या केंद्र सरकारच्या उडान योजनेत बेळगावच्या आधी हुबळीचा समावेश झाल्यामुळे नवी इमारत उभी आणि विमाने थोडी, असा विपरीत काळ या शहराने सोसला. २०१९ मध्ये योजनेच्या तिसऱ्या फेरीत बेळगावची निवड झाल्यावर चित्र पालटले. कोल्हापूर जिल्ह्यातील घोडावत उद्योगसमूहाच्या स्टार एअरने, जिची पहिली व्यापारी उड्डाणे २५ जानेवारी २०१९ रोजी झाली, पन्नास आसनी एम्ब्रेअर विमानांनी बेळगाव हे मुंबई, अहमदाबाद, इंदूर, तिरुपती आदी शहरांशी जोडले. इंडिगोने बंगळूर व हैदराबाद आणि ऑक्टोबर २०२३ पासून दिल्ली हे मार्ग सांभाळले. दर्जाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या कंपनीचा दर्जा भारतीय कार्डधारकांत सर्वांत वांछित ठरला ती व्हिस्तारा सांबऱ्यास कधीच उतरली नाही, आणि जी इंडिगो उतरत होती तिच्याकडे २०२४ पर्यंत दर्जांची उतरंडच नव्हती. म्हणून बेळगावकरास उड्डाणांच्या मार्गाने दर्जा मिळवणे दुष्कर व कार्डाच्या मार्गाने सुकर, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली.

व्हिस्तारा कार्डे : ९ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या व्हिस्ताराच्या योजनेत उड्डाणांनी सिल्व्हर दर्जा मिळवण्यास १५,०००, गोल्डसाठी ३०,००० आणि प्लॅटिनमसाठी ४५,००० दर्जागुण लागत. अॅक्सिस बँकेच्या व्हिस्तारा इन्फिनिट कार्डाची वार्षिक फी १०,००० रुपये व कर इतकी असे, आणि ती भरणाऱ्यास गोल्ड दर्जा कार्डाबरोबरच देण्यात येई. ३,००० रुपये फीच्या सिग्नेचर कार्डास सिल्व्हर दर्जा जोडलेला असे. खर्चाचा संबंध येथे दर्जाशी नव्हे, तिकिटांशी होता. इन्फिनिट कार्डावर दर २०० रुपयांस सहा, सिग्नेचरवर चार गुण मिळत, आणि इन्फिनिटधारकाचा वार्षिक खर्च २.५ लाख, ५ लाख व ७.५ लाख रुपयांचे टप्पे ओलांडी तसतसे बिझनेस वर्गाचे एकेक तिकीट त्याच्या खाती जमा होई. हा तपशील ध्यानात न घेता ‘खर्च केला की गोल्ड मिळते’ असे जे सर्रास बोलले जाते ते या कार्डांपुरते यथार्थ नाही : दर्जा फीने विकत मिळे, खर्चाने प्रवास मिळे. तिकीट वापरण्यास मात्र बेळगावकरास प्रथम गोवा, पुणे वा बंगळूर गाठावे लागे.

खर्चाचे स्वरूप : निपाणीच्या बाजारपेठेचा कणा विडी-तंबाखूचा व्यापार व बेळगावच्या उद्यमबाग या उद्योगवसाहतीचा कणा ओतकाम आणि यंत्रभाग. या धंद्यांची उलाढाल मोठी असली तरी शेतकऱ्यास द्यावयाची तंबाखूची रक्कम अथवा भट्टीच्या कच्च्या मालाची किंमत कार्डावर चुकती होत नाही. ती रोखीने, धनादेशाने वा आरटीजीएसने जाते. शिवाय वैयक्तिक कार्ड धंद्यासाठी वापरण्यास बँकांच्या अटी प्रतिकूल असतात. परिणामी लक्षावधींचा व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याचाही कार्डावरील खर्च मुलांची शाळा-कॉलेजची फी, दवाखाना, कापडचोपड आणि दागदागिने एवढ्याच मर्यादेत राहतो. इंधन, वॉलेटमधील भरणा, घरभाडे अशा बाबी बँका पुष्कळदा गुणांच्या हिशेबातून वगळतात, त्यामुळे तो आणखी आखडतो. लग्नसराईत बेळगावच्या खडेबाजारात कार्ड पुढे केले असता ‘कार्डावर दोन टक्के वर पडतील’ हे उत्तर अपरिचित नाही. अडीच लाखांच्या खरेदीवर हे दोन टक्के ५,००० रुपये होतात, म्हणजे मोफत म्हणून मिळणाऱ्या तिकिटाच्या किमतीचा एक भाग ग्राहकाने दुकानातच अदा केलेला असतो. या आकारणीच्या वैधतेविषयी मतभेद असल्याने तो विषय येथे घेतलेला नाही. एका वर्षात कार्डांच्या बिलांपोटी १० लाख रुपये वा अधिक, अथवा रोखीने १ लाख रुपये वा अधिक भरल्यास बँक त्याची माहिती आयकर खात्यास कळवते, हे व्यापाऱ्यांनी विशेषत्वे लक्षात ठेवावे.

निपाणीचा जवळचा विमानतळ : सांबरा नव्हे, सुमारे ४० किमी.वरील कोल्हापूर (उजळाईवाडी).

गोव्यातील विमानतळ : दाभोळी, व ५ जानेवारी २०२३ पासून मोपा.

परदेशस्थ : बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून अमेरिकेस गेलेल्यांना खर्चाधारित दर्जाचा मार्ग अधिक मोकळा आहे. अमेरिकन एअरलाइन्सचा गोल्ड दर्जा ४०,००० व प्लॅटिनम ७५,००० गुणांस मिळतो आणि हे सर्व गुण कार्डावरूनही जमू शकतात; डेल्टाच्या रिझर्व्ह कार्डावर २०२४ पासून दर दहा डॉलरच्या खर्चास दर्जाच्या हिशेबातील एक डॉलर धरला जातो. परंतु या दोन कंपन्या ज्या वनवर्ल्ड व स्कायटीम संघांत आहेत त्यांत एकही भारतीय कंपनी नाही. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये असल्याने, गावी येताना भारतातील अंतर्गत उड्डाणातही मान चालावा अशी इच्छा असणाऱ्यास युनायटेडसारख्या त्या संघातील कंपनीचा गोल्ड दर्जाच उपयोगी पडतो.

सद्यःस्थिती : कार्डाने मिळालेल्या दर्जाचे आयुष्य कंपनीच्या आयुष्याएवढेच असते. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली तेव्हा तिच्या योजनेतील प्लॅटिनमधारकास दर्जा वापरण्यास विमान उरले नाही. योजना पुढे इंटरमाइल्स या नावाने चालली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी व्हिस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तिचे सदस्य एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले आणि उपरोक्त कार्डांचे प्रयोजन पुढे संपुष्टात आले. एअर इंडियाच्या योजनेस आता महाराजा क्लब असे नाव आहे; इंडिगोची ब्ल्यूचिप ही श्रेणीबद्ध योजना २०२४ मध्ये आली. सांबऱ्यावरून ज्या कंपनीचे विमान प्रत्यक्ष सुटते तिच्याच योजनेशी जोडलेले कार्ड घेणे, आणि तेही फी, कर व दुकानातील दोन टक्के यांची बेरीज आधी करून, हेच या भागातील प्रवाशास हितावह होय.