पंधरा गुणांचा पेपर

३० जून २०१० ला यूजीसीने एक नियमावली काढली आणि महाराष्ट्रातल्या गावोगावच्या कॉलेजांतल्या स्टाफरूमची भाषाच बदलली. तोवर आमच्याकडे पेपर म्हटलं की परीक्षेचा पेपर. तपासायचा, गठ्ठा बांधायचा, विषय संपला. त्यानंतर 'सर, तुमचे पेपर किती झाले?' हा प्रश्न चहाबरोबर येऊ लागला. मी इतिहास शिकवतो, म्हणून या प्रश्नाचा इतिहास मांडतोय. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात कुणी प्राध्यापक आहे किंवा पीएच.डी. करतंय, त्यांनी वाचाच.

सहाव्या वेतन आयोगानंतर आलेल्या या नियमावलीत नेमणूक आणि बढती 'एपीआय' नावाच्या गुणपत्रिकेला जोडली गेली. रेफरीड, म्हणजे जाणकाराकडून लेख तपासून घेणाऱ्या जर्नलमध्ये पेपर आला तर १५ गुण. तसं नसेल, पण जर्नल नावाजलेलं असेल आणि त्याला आयएसएसएन नंबर असेल, तर १०. परिषदेच्या पुस्तकात पूर्ण लेख छापून आला तरी १०.

यामागचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याआधी काय होतं? प्राचार्यांचा गोपनीय अहवाल आणि मुलाखत समितीची मर्जी. संस्थाचालकांच्या गोतावळ्यात नसलेल्या माणसाला 'मला का डावललं' हे विचारायला हातात काही नसायचं. गुण असले की भांडता येतं. माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांना त्या गुणांमुळेच न्याय मिळाला, हे मी पाहिलंय.

घोटाळा झाला तो त्या नंबरात. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक, बस. गाडीच्या नंबर प्लेटवरून ड्रायव्हर कसा आहे ते कळत नाही, तसंच हे. आपल्या देशात तो फुकट मिळतो आणि आत काय छापलंय हे कुणी तपासत नाही. 'नावाजलेलं' आहे की नाही हे ठरवणं कठीण, नंबर बघणं सोपं. मग नावाजलेलं हा शब्द मागे पडला आणि नंबर तेवढा उरला.

इथे एक जुनी गोष्ट सांगतो. १९१० साली वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. तिथली रीत अशी, की ज्याला कागद सापडला त्याने तो घेऊन सभेत यायचं, टिपण वाचायचं आणि समोर बसलेल्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. तारीख चुकली की तिथेच कान उपटले जायचे. ही मंडळी पगारासाठी लिहीत नव्हती आणि मंडळाकडे पैसा कधीच धड नव्हता. आपसातली भांडणंही होती, आणि कुणाला आत घ्यायचं याबद्दल तो काळ फार उदार होता असंही नाही. पण लेख छापण्याआधी निदान दहा माणसांच्या कानावरून जायचा. २०१० च्या गुणपत्रिकेत सगळं होतं, पण गुण मोजायला तो लेख वाचावाच लागेल असं नव्हतं. तपासणी जर्नलवर सोपवली होती, आणि जर्नल कोण काढणार हे मोकळं सोडलं होतं.

नेमकं त्याच सुमारास जगात दुसरं एक वळण आलं होतं. परदेशातल्या बड्या प्रकाशकांची जर्नलं इतकी महाग झाली होती की श्रीमंत विद्यापीठांनाही परवडेनात. त्यावर २००० नंतर काही शास्त्रज्ञांनी उपाय काढला: छपाईचा खर्च लेखकाने, म्हणजे त्याला अनुदान देणाऱ्याने उचलायचा आणि वाचकाला लेख फुकट. कल्पना चांगलीच होती. पण पैसे लेखक देणार म्हटल्यावर लेख नाकारणं म्हणजे गिऱ्हाईक परत पाठवणं! अमेरिकेतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० मध्ये अशा दुकानांना 'प्रिडेटरी', शिकारी, असं नाव दिलं. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका घातलेला एक खोटा पेपर ३०४ जर्नलांकडे पाठवला. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. ज्यांच्याकडे पाठवला त्यांतली जवळपास एक तृतीयांश जर्नलं भारतातली होती. पुढे हैदराबादच्या ओमिक्स कंपनीला अमेरिकेतल्या कोर्टाने २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरहून जास्त रकमेचा दणका दिला.

तिकडे अनुदान देणारा असतो. इकडे तालुक्याच्या कॉलेजात कोण देणार? प्राध्यापकाने स्वतःच्या खिशातून भरायचे. ज्याला धड पगारही नाही त्या सीएचबीवाल्या पोरानेही भरायचे, कारण मुलाखतीला गुण लागतात. मोबाईलवर मेसेज यायचे: तीन दिवसांत प्रकाशन, सर्टिफिकेट सोबत. परिषदांचं तर पीकच आलं. सकाळी उद्घाटन, दुपारी जेवण, आणि जाताना हातात दोन-तीनशे लेखांचं जाडजूड पुस्तक. मी एका परिषदेत अध्यक्षाच्या खुर्चीवर होतो. दीड तासात एकवीस जणांना पेपर 'वाचायचे' होते. प्रत्येकाला चार मिनिटं. बहुतेकांनी नाव आणि शीर्षक सांगितलं, फोटो काढला आणि बस पकडली. त्यांना हसावं असं मला वाटत नाही. परभणीहून रात्रभर प्रवास करून आलेला माणूस होता त्यात.

यूजीसीला हे दिसत नव्हतं असं नाही. पण उपाय काय काढला? यादी. २०१७ च्या जानेवारीत ३८ हजारांहून अधिक जर्नलांची 'मान्यताप्राप्त' यादी आली. त्यात विद्यापीठांनाही नावं सुचवायची मुभा होती. मग कोण कुणाचं नाव सुचवणार हे काय वेगळं सांगायला हवं? २०१८ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या वाटेने आलेली जर्नलं नमुना म्हणून तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून जास्त निकस असावीत असा निष्कर्ष निघाला. कुणाचा पत्ता नाही, कुणाचे संपादक कोण ते कळत नाही, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर खोटा. हा अभ्यास 'करंट सायन्स'मध्ये आला आणि मे २०१८ मध्ये यूजीसीने ४,३०५ जर्नलं एका फटक्यात काढली. त्यांत ज्यांचे पेपर होते त्यांनी काय करायचं, हा प्रश्न स्टाफरूममध्ये कित्येक महिने धुमसत होता.

मग नवी यादी, यूजीसी-केअर. ती पुणे विद्यापीठातच तयार व्हायची आणि आधीपेक्षा निश्चितच कडक होती. तर चोरांनी दुसरी वाट काढली. अनेक जुन्या, छापील, प्रामाणिक नियतकालिकांची स्वतःची वेबसाइट नव्हती. त्यांच्या नावाने बनावट वेबसाइट उभ्या राहिल्या. नाव तेच, नंबर तोच, पैसे मात्र भलत्याच्या खात्यात. आयुष्यभर पदरमोड करून अंक चालवणाऱ्या संपादकांची नावं अशी वापरली गेली. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत वाईट गोष्ट हीच वाटते. आपल्याकडे वाईचं 'नवभारत' १९४७ पासूनचं, मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन' १९८३ पासूनचं. ज्या भाषेत अशी नियतकालिकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, तिथे त्यांच्या नावाची चोरी म्हणजे काय, हे इंग्रजीत लिहिणाऱ्यांना कळायचं नाही.

मध्यंतरी काही शहाणपणही सुचलं. २०१८ च्या नियमावलीत कॉलेजातल्या शिक्षकांवरची पेपरसक्ती सैल झाली आणि २०२२ मध्ये पीएच.डी. जमा करण्याआधी पेपर छापण्याची अट गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर केअर यादीच बंद झाली. आता कोणतं जर्नल चांगलं हे संस्थांनी आपापलं ठरवायचं, यूजीसी फक्त निकष सुचवणार. दरम्यान केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर केले, बड्या प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नलं आपल्याला वाचता यावीत म्हणून. वाचायला सरकारचे ६,००० कोटी आणि छापायला मास्तरच्या खिशातले दोन हजार!

म्हणजे चेंडू परत आपल्याच कॉलेजात आलाय. पंधरा वर्षांपूर्वी जी मर्जी टाळायची म्हणून गुण आणले, ती नव्या निकषांच्या आडून परत येऊ शकते. आपल्या तालुक्यातल्या दोन्ही कॉलेजांत या वर्षी निवड समित्या बसतील. माझी मागणी साधी आहे: प्रत्येक उमेदवाराने आपला एकच लेख द्यावा, समितीने तो आठ दिवस आधी वाचून यावं, मुलाखतीत त्यावरच प्रश्न विचारावेत आणि काय विचारलं ते लिहून ठेवावं. दोन्ही प्राचार्यांना मी तसं पत्र दिलंय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी कमेंटमध्ये नाव लिहा, सोमवारी दुसरं पत्र घेऊन जाणार आहे.