न्यूझीलंडच्या नद्या आणि त्यांचे उतार

न्यूझीलंडमध्यें वसाहतीसाठीं गेलेल्या इंग्रजांनीं पाण्यांत बुडून मरण्याला एक नांवच देऊन टाकलें होतें: ‘न्यूझीलंडी मरण’. त्यांत अतिशयोक्ति नव्हती. १८४० ते १८७० या तीस वर्षांत तेथील नद्यांनीं अकराशेंवर माणसें घेतल्याची नोंद आहे. पूल जवळजवळ नव्हतेच. प्रवास म्हटला कीं पाण्यांत पाय घालणें आलें.

दक्षिण बेटांतील हिमाच्छादित पर्वताच्या पश्चिम अंगास समुद्रावरून येणारे ढग अडतात आणि मुसळधार पाऊस पडतो. डोंगर उभे, त्यामुळें नदी कांहीं तासांत फुगते आणि पाऊस थांबला कीं तितक्याच झपाट्यानें ओसरते. हिमनदीचें पाणी खडकाच्या पिठानें दुधाळ झालेलें असतें. तळ दिसत नाहीं, आणि गारठ्यानें पाय बधिर होतात. शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा रेटा चौपट होतो. मांडीएवढ्या पाण्यांतूनही धडधाकट पुरुष वाहून जातो, तो यामुळेंच.

१८६३ सालीं कँटरबरी प्रांताचा भूमापक हेन्री व्हिटकोम हा याकोब लाउपर नांवाच्या स्विस सोबत्यासह पर्वत ओलांडून पश्चिम किनाऱ्यास उतरला. शिधा संपत आलेला, अंगावरचे कपडे सदा ओले. मे महिन्यांत दोघे तारामाकाऊ नदीच्या मुखाशीं आले. तेथें सांपडलेल्या दोन कुजक्या होड्या एकत्र बांधून त्यांनीं पाण्यांत लोटल्या. भुकेल्या माणसाला थांबणें सुचत नाहीं! होड्या बुडूं लागल्या. व्हिटकोम पोहून जाण्यास निघाला व बुडाला; लाउपर होडीला चिकटून राहिला आणि वांचला. त्याच किनाऱ्यावर पुढें कित्येक वर्षें हिंडलेला संशोधक चार्ल्स डग्लस तर म्हणे कीं, पोहतां येत नसल्यामुळेंच आपला जीव अनेकदां वांचला.

वास्तविक हें शिकविणारे लोक तेथेंच होते. हत्यारांस व अलंकारांस लागणारा पाउनामू नांवाचा हिरवा दगड आणण्यासाठीं माओरी लोक पिढ्यान् पिढ्या याच नद्या ओलांडीत आले होते. एक लांब काठी छातीशीं धरून सर्वांनीं ती पकडावयाची. काठी प्रवाहाच्या दिशेनें, आणि सर्वांत बळकट पुरुष वरच्या टोकास. पाण्याचा पहिला मारा त्याच्यावर फुटतो, मागच्यांस आडोसा मिळतो, आणि एखाद्याचा पाय सुटला तरी काठी त्याला सांवरते. १८४६ ते १८४८ या काळांत थॉमस ब्रनर याच रानांतून जवळजवळ साडेपांचशें दिवस भटकून जिवंत परतला; त्याचें श्रेय त्यानें केहू या आपल्या माओरी वाटाड्याला दिलें. इतरांनीं मात्र असा वाटाड्या शोधण्यापेक्षां घोड्यावर भरंवसा ठेवला, आणि घोडाही वाहून जातो.

आज पाठीवर बोजा घेऊन तेथील डोंगर हिंडणारे लोक काठीऐवजीं एकमेकांचे हात गुंफतात. बलवान् माणूस वरच्या बाजूसच असतो. नदी जेथें अनेक फांट्यांत पसरून उथळ होते तेथें ते उतार शोधतात, पडल्यास बोजा टाकतां यावा म्हणून पट्टे आधींच सैल करतात, आणि पाण्याखालीं धोंडे गडगडत असल्याचा आवाज आला तर पाय घालीतच नाहींत. तारामाकाऊवर आतां पूल आहे. पण वरच्या खोऱ्यांतील पुष्कळ ओढ्यांवर तो नाहीं, आणि तेथें पाणी उतरेपर्यंत ओले कपडे पिळीत काठावर बसून राहणारे प्रवासी आजही दिसतात.