भेसळीतून सापडलेले औषध : गर्भनिरोधक गोळी आणि अवेळीचा रक्तस्राव

सरकारी कार्यक्रमातील 'माला-डी'च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांत संप्रेरके असतात, उरलेल्या ७ केवळ लोहाच्या. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की काही दिवसांत रक्तस्राव होतो आणि सारे त्याला पाळी म्हणतात. शास्त्रीय दृष्ट्या ती पाळी नव्हे. संप्रेरकांचा पुरवठा थांबल्याने गर्भाशयाचे अस्तर गळून पडते, इतकेच. ही महिन्याची शिस्त माणसाने घालून दिलेली आहे. म्हणूनच गोळी नव्याने सुरू केलेल्या स्त्रीला पाकीट अर्ध्यावर असतानाच रक्ताचे डाग दिसले, की काहीतरी बिघडले असे वाटून ती घाबरते. अनेकदा गोळीच सोडून देते.

या डागांनीच गोळीचे आजचे स्वरूप ठरवले. १९५० च्या दशकात अमेरिकेत ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक हे प्रोजेस्टेरॉनसारख्या कृत्रिम संप्रेरकाने बीजमोचन थांबवण्याचे प्रयोग करीत होते. स्त्रियांना आश्वासक वाटावे म्हणून त्यांनी २० दिवस गोळी आणि मग खंड असा क्रम ठरवला. १९५६ मध्ये प्वेर्तो रिकोतील रिओ पिएद्रास येथे मोठी चाचणी सुरू झाली. त्याच सुमारास सर्ल कंपनीच्या नॉरएथिनोड्रेल या द्रव्यात मेस्ट्रेनॉल नावाच्या इस्ट्रोजेनची किंचित भेसळ असल्याचे उघड झाले. ती काढून टाकून शुद्ध द्रव्य देताच स्त्रियांना अधेमधे रक्तस्राव होण्याचे प्रमाण वाढले. अस्तर सावरून धरण्याचे काम ती भेसळच करीत होती! मग ती मोजून मापून परत मिसळण्यात आली. १९५७ मध्ये पाळीच्या तक्रारींसाठी आणि १९६० मध्ये गर्भनिरोधनासाठी मान्यता मिळालेल्या 'एनोव्हिड'च्या १० मिलिग्रॅमच्या गोळीत ९.८५ मिलिग्रॅम नॉरएथिनोड्रेल आणि ०.१५ मिलिग्रॅम मेस्ट्रेनॉल होते.

प्वेर्तो रिकोतील स्त्रिया मळमळ, चक्कर, डोकेदुखी यांच्या तक्रारी करीत होत्या. चाचणीवर देखरेख करणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी त्या स्पष्टपणे नोंदवल्या. पिंकस यांनी त्यांतील बऱ्याचशा मानसिक ठरवल्या. ज्यांच्या देहावर हे शास्त्र उभे राहिले, त्यांच्या सांगण्याला इतके कमी मोल मिळावे, ही त्या यशाची काळी बाजू होय.

पुढे रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका इस्ट्रोजेनच्या मात्रेशी निगडित असल्याचे दिसले. १९६९ च्या अखेरीस ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळण्याचा सल्ला दिला. आजच्या 'माला-डी'त ते ३० मायक्रोग्रॅम असते. मात्रा घटली तसा गुठळ्यांचा धोका घटला. मात्र अस्तराचा आधारही घटला. पहिल्या महिन्यांतील डाग हा त्या सुरक्षिततेचाच मोबदला. गोळी नियमित घेतली असल्यास ते दिसले म्हणून तिचा परिणाम कमी झाला असे होत नाही, आणि बहुतेकींचे तीनेक महिन्यांत थांबतात. स्राव फार झाला वा त्यानंतरही चालू राहिला, तर मात्र डॉक्टरांकडे जायला हवे.

कधी हा रक्तस्राव खरोखरच इशारा असतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी जर्मन डॉक्टरांना गोळी घेणाऱ्या क्षयरुग्ण स्त्रियांत अवेळी रक्तस्राव आढळला. रिफाम्पिसिन हे क्षयावरील औषध यकृताला संप्रेरके झपाट्याने निकामी करायला लावत होते, त्यामुळे गोळीचा भरवसाच उरत नव्हता. क्षयाचे एवढे रुग्ण असलेल्या भारतात ही नोंद पुस्तकातच राहून चालणारी नाही.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. तेथे घडलेल्या सेंटक्रोमन या द्रव्यात स्टेरॉइड संप्रेरक नाही. ते मुख्यतः गर्भाशयातील इस्ट्रोजेनची क्रिया रोखते, बीजमोचन चालू राहते. १९९१ मध्ये ते 'सहेली' म्हणून बाजारात आले आणि पुढे राष्ट्रीय कार्यक्रमात 'छाया' झाले. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा गोळी. हिची अडचण नेमकी उलटी: पाळी लांबते, स्राव कमी होतो. लांबलेली पाळी म्हणजे दिवस गेले, ही शंका आपल्या घरांत सर्वांत आधी येते. म्हणून 'छाया' देतानाच सांगावे लागते, की पाळी पुढे जाऊ शकते. १५ दिवसांहून अधिक लांबली तर गर्भ नाही ना, एवढे तपासून घ्यावे.