लाभ-व्यय विश्लेषण (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

एखाद्या प्रकल्पाचे वा धोरणाचे समाजाला होणारे फायदे आणि त्यापायी सोसावे लागणारे तोटे रुपयांत मांडून निर्णय घेण्याची पद्धत. रस्ते, रेल्वे, धरणे यांसाठी ती फार पूर्वीपासून वापरली जाते. हवामानबदलाचा प्रश्न आला की तिच्यातल्या उणिवा उघड्या पडतात. ठाणे परिसरात त्या ठळक दिसतात, कारण खाडी, डोंगर, धरण आणि लोकलची गर्दी यांचे हिशेब इथे एकमेकांत गुंतलेले आहेत.

उदाहरणार्थ, वनजमीन अन्य कामासाठी देताना तिचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, म्हणजे जंगलाच्या भावी लाभांची आजची किंमत, वसूल केले जाते. २००८ मध्ये ते प्रतवारीनुसार हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख रुपये होते. २०२२ पासून ते सुमारे ६.७० ते १५.९५ लाख आहे. यातल्या सर्वांत वरच्या दराच्या रकमेत घोडबंदर रस्त्यावर वन रूम किचनही मिळत नाही. किनाऱ्यालगत २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार, सार्वजनिक कामासाठी बाधित झालेल्या खारफुटीच्या क्षेत्राच्या किमान तिप्पट लागवड करावी लागते.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन हे इथले सर्वांत बोलके उदाहरण. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये खारफुटीच्या तोडीला मनाई केली आणि व्यापक सार्वजनिक हितापुरतीच वाट मोकळी ठेवली. त्यामुळे बुलेट ट्रेन उभारणाऱ्या रेल्वे महामंडळाला परवानगीसाठी न्यायालयात जावे लागले. सुरुवातीला सुमारे ५३ हजार तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, तोडावी लागणार होती. दिव्याजवळच्या म्हातार्डी येथील ठाणे स्थानकाच्या आराखड्यात बदल झाल्यावर हा आकडा सुमारे ३२ हजारांवर आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली ती सुमारे २२ हजारांची. खाडीखालून जाणाऱ्या सुमारे ७ किलोमीटर बोगद्यामुळे फ्लेमिंगो अभयारण्यावरची झळही कमी झाली. तोड मोजावी लागली, न्यायालयात सांगावी लागली, म्हणून ती निम्म्याहून कमी झाली. या पद्धतीचा खरा उपयोग तो हाच.

मात्र याच प्रकरणात तिची मर्यादाही दिसते. एका झाडामागे पाच रोपे लावण्याची हमी देण्यात आली. त्यांतली किती जगतील याचा अभ्यास कुठे आहे, असा आक्षेप पर्यावरणवाद्यांनी घेतला. तो रास्त होता. तिवरांच्या मुळांत कोळंबी आणि मासळीची पिल्ले वाढतात, चिखलात कार्बन साठून राहतो आणि खाजणात भरतीचे पाणी पसरते. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की उल्हास नदीचे पाणी खाडीत उतरत नाही, ते दिवा-कल्याणच्या सखल वस्त्यांत तुंबते. २६ जुलै २००५ चा पूर हे त्याचे उदाहरण. हे सगळे एका रोपाच्या किमतीत येत नाही, आणि भराव टाकलेले खाजण दुसऱ्या तालुक्यातल्या लागवडीने भरून निघत नाही.

हिशेब सर्वांत जास्त फिरतो तो वटावाच्या दराने, म्हणजे भविष्यातल्या रुपयाची आजची किंमत काढण्याच्या दराने. पन्नास वर्षांनी टळणारी १०० कोटींची पूरहानी १० टक्के दराने आज फक्त ८५ लाखांची ठरते. ४ टक्क्यांनी १४ कोटींची. निकोलस स्टर्न यांनी २००६ च्या आपल्या अहवालात वापरलेल्या सुमारे १.४ टक्के दराने तीच ५० कोटी होते. नदी तीच, वस्ती तीच. दर बदलला की निर्णय बदलतो. म्हणून हा दर तज्ज्ञांनी बंद दाराआड ठरवू नये.

वेळेच्या किमतीचेही तसेच. वाचलेल्या वेळेचे मोल बहुधा प्रवाशाच्या उत्पन्नावरून काढतात. डोंबिवलीहून लोकलच्या दारात लटकून जाणाऱ्या कामगाराचा तास त्यामुळे कागदावर स्वस्त होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेसारख्या कामांचा लाभ म्हणूनच कमी भासतो.

फायदा एकाला आणि भुर्दंड दुसऱ्याला, हा प्रश्न तर बेरजेत दिसतच नाही. मुंबई महानगराच्या पाण्यासाठी आखलेल्या काळू धरणात मुरबाड तालुक्यातल्या ठाकूर-कातकरी वस्त्या आणि जंगल बुडणार होते; वनमंजुरीआधीच सुरू झालेले काम उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये थांबवले. शहराचा नळ आणि पाड्यावरचे शेत यांची एकत्र बेरीज मांडून वरकड काढणे हा न्याय नव्हे.

पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देण्याचे बंधन २००६ च्या अधिसूचनेत आहे. प्रकल्पाच्या जनसुनावणीला जाणाऱ्यांनी त्यासोबत वटावाचा दर, वेळेचे मोल आणि पूरहानीचा अंदाज हे तिन्ही आकडे मराठीत मागून घ्यावेत.