बौद्ध धर्म आणि हिंदू समाज : एक ओळख

वसई तालुक्यातील नालासोपाऱ्यात बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखले जाणारे एक टेकाड आहे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा बौद्ध स्तूपाचे अवशेष, दगडी करंडक आणि बुद्धांच्या आठ लहान कांस्यमूर्ती सापडल्या. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. मृगया सोडून आपण धर्मयात्रा करू लागलो आणि त्या यात्रेत ब्राह्मण व श्रमण या दोघांनाही दान देऊ लागलो, असे त्या आठव्या लेखात अशोक सांगतो. श्रमण म्हणजे वेदमार्गाबाहेरचे संन्यासी. बौद्ध भिक्षू त्यांच्यापैकीच. अशोकाच्या दृष्टीने हे दोन वर्ग वेगळे होते आणि दोन्ही आदरास पात्र होते. आज मात्र आपल्या श्रद्धावंतांपैकी अनेक जण सहज विचारतात, "बौद्ध म्हणजे हिंदूंचाच एक पंथ ना?" बौद्ध शेजाऱ्याला हा प्रश्न बोचतो. तो का बोचतो, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

सिद्धार्थ गौतम यांचा जन्म लुंबिनी येथे शाक्य कुळात झाला. गृहत्याग, कठोर तपश्चर्या आणि नंतर बोधगया येथे ज्ञानप्राप्ती. पहिला उपदेश सारनाथला, महापरिनिर्वाण कुशीनगरला. त्यांच्या शिकवणीचा गाभा चार आर्यसत्यांत आहे: दुःख आहे, तृष्णा हे त्याचे कारण आहे, त्याचा निरोध शक्य आहे आणि त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे. उपासकांसाठी पंचशील आहे. जगाचा निर्माता असलेल्या परमेश्वरावर ही शिकवण उभी नाही. शाश्वत आत्म्याची कल्पनाही तिला मान्य नाही. आपल्या श्रद्धेहून ती येथे मूलतः भिन्न आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. तरीही द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1965 सालच्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात बौद्ध धर्माचा आदरपूर्वक उल्लेख केला आहे.

हिंदू समाजाशी या धर्माचे नाते मात्र इतक्या थोडक्यात सांगता येत नाही. कर्म आणि पुनर्जन्म ही भाषा दोघांची सामायिक आहे. वेदांचे प्रामाण्य, पशुयज्ञ आणि जन्माने ठरणारे श्रेष्ठत्व बुद्धांनी नाकारले. उपाली हा न्हावी त्यांच्या संघात आला आणि विनयाचा, म्हणजे संघाच्या नियमांचा, सर्वांत मोठा जाणकार ठरला.

पण संघाबाहेरचा समाज बदलला काय? याचे उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेले आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिने तेथील एक लेणे बौद्ध भिक्षूंना दान दिले. त्याच लेखात ती आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची थोरवी गाते, ती 'अद्वितीय ब्राह्मण' आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा म्हणून! दान भिक्षूंना आणि अभिमान वर्णव्यवस्थेचा, हे त्या काळी कोणाला विसंगत वाटले नसावे. आमच्या मते बौद्ध धर्माची खरी अडचण येथेच होती. राजे व व्यापारी यांच्या आश्रयावर विहार चालत. गृहस्थाचे जन्म, विवाह व मृत्यू यांचे संस्कार बहुधा पुरोहिताच्याच हाती राहिले. पुढे आश्रय आटला, बाराव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतर पूर्व भारतातील महाविहार आक्रमणांत उद्ध्वस्त झाले. तत्पूर्वीच पुराणांनी बुद्धांना विष्णूचा अवतार म्हणून सामावून घेतले होते. काही पुराणांत तर हा अवतार असुरांची दिशाभूल करण्यासाठी झाला, असे सांगितले आहे. हा सन्मान किती दुधारी होता, ते यावरून कळते.

आधुनिक काळात मराठी वाचकांना बुद्धांची पुन्हा ओळख करून दिली ती गोव्याच्या साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी यांनी. पाली ग्रंथांच्या शोधात ते सिंहलद्वीप व ब्रह्मदेशापर्यंत गेले.

1935 साली येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. त्यानंतर एकवीस वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्ट नाकारते. बौद्ध शेजाऱ्याला आपला प्रश्न का बोचतो, ते येथे उलगडते. 2011 च्या जनगणनेनुसार देशात सुमारे 84 लाख बौद्ध होते. त्यांपैकी 65 लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात.

कायद्याने मात्र हा धागा पूर्ण तोडलेला नाही. संविधानाच्या अनुच्छेद 25 मधील स्पष्टीकरणात, हिंदू धार्मिक संस्थांसंबंधीच्या तरतुदीपुरता, 'हिंदू' या शब्दात शीख, जैन व बौद्ध यांचा समावेश होतो. 1955 चा हिंदू विवाह कायदाही बौद्धांना लागू आहे. अनुसूचित जातींच्या सवलती 1950 च्या आदेशाने केवळ हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या. 1956 मध्ये त्या शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाल्या. दलित ख्रिस्ती बांधव व दलित मुस्लीम या आदेशाबाहेर राहिले. धर्म बदलल्याने जातीचा जाच संपतो काय, हाच या वादातील कळीचा मुद्दा आहे. तो तपासण्यासाठी केंद्र सरकारने 2022 साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.